आमची वाटचाल: ठिसूळ इपॉक्सीकडून चिवट इपॉक्सीकडे

कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा नमुना) आणि कोअर बॉक्स (ओतकामातला पोकळ भाग घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याचा साचा) यांसाठी इपॉक्सी कास्टिंग रेझिन, म्हणजे ओतून घट्ट होणारं प्लास्टिक, पुरवणं, ही आमची सुरुवात. द्रव इपॉक्सी, भर म्हणून (फिलर) ॲल्युमिनियम पावडर आणि ते घट्ट करणारा अमाइन हार्डनर, एवढाच मामला. असा पॅटर्न माप धरून ठेवतो, पण कडेवर ठोका बसला की टवका उडतो. पुढे सेन्सर आणि कॉइलच्या पॉटिंगचं (भाग रेझिनमध्ये बुडवून बंद करण्याचं) काम आलं, तेव्हा हाच ठिसूळपणा चिरांच्या रूपात दिसला. फिलर नसलेलं इपॉक्सी तापल्यावर तांब्याच्या तिपटीहून जास्त फुगतं. तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत तो ताण धातूच्या कोपऱ्यावर साठतो आणि चीर तिथूनच निघते.

उपाय शोधताना कळलं, की डायब्युटिल थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारं तेलकट द्रव्य) घातलं की इपॉक्सी मऊ होतं, चिवट होत नाही. शिवाय ते इपॉक्सीच्या रेणूंच्या जाळ्यात बांधलं जात नसल्यामुळे उष्णतेत बाहेर येतं. द्रव नायट्राइल रबर काम चोख करतं, पण दाट आणि महाग. म्हणून आम्ही पॉलियुरेथेनकडे वळलो, आणि आज आमचा मुख्य माल तोच आहे.

इपॉक्सीत पॉलियुरेथेन नुसतं ढवळून भागत नाही. प्रीपॉलिमरच्या (अर्धवट बनलेल्या पॉलियुरेथेन साखळीच्या) टोकाचा मोकळा आयसोसायनेट गट (एनसीओ) अमाइनला भेटताच काही सेकंदांत युरिया-बंध बनवतो. मग गाठी होतात, हार्डनर वाया जातो आणि उरलेलं इपॉक्सी अर्धवट शिजतं. ते टोक आधी झाकून घ्यावं लागतं. झाकायला नोनिलफिनॉल चालतं, पण त्याच्या विषारीपणामुळे युरोपात त्यावर निर्बंध आहेत. आम्ही कार्डेनॉल वापरतो. ते काजूच्या टरफलांच्या तेलापासून मिळतं, आणि काजू तर आमच्या कोकणातलाच.

एका घाणीचं प्रमाण असं: २००० रेणुभाराचा पॉलिप्रॉपिलीन ग्लायकॉल (हाच आमचा पॉलिऑल) १०० किलो, टीडीआय (टोल्युइन डायआयसोसायनेट) १७.४ किलो, कार्डेनॉल सुमारे ३१ किलो. पॉलिऑल आधी १०५ ते ११० अंशांवर व्हॅक्यूममध्ये दोन तास सुकवायचा. ही पायरी कधीही उरकून टाकू नये. १०० किलोत १०० ग्रॅम पाणी राहिलं, तर शेवटी शिल्लक राहायला हव्या त्या आयसोसायनेटपैकी सुमारे ११ टक्के तेच खातं. वर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात आणि माल दाट होतो. पावसाळ्यात उघडा ड्रम हवेतली ओल पटकन ओढतो, म्हणून ड्रमवर नायट्रोजन कायम हवा.

टीडीआय ५० अंशांवर ठेवून त्यात पॉलिऑल हळूहळू सोडायचा, उलट नाही. टीडीआय सतत जास्त राहिला तर साखळ्या अनावश्यक लांबत नाहीत. मग ७५ ते ८० अंशांवर दोन-तीन तास. ९० च्या वर गेलं की बाजूच्या अभिक्रिया सुरू होतात. पॉलिऑलमध्ये अल्कली उरलेली असेल तर रिॲक्टरमध्येच जेल व्हायची भीती. डायब्युटिलअमाइनच्या टायट्रेशनने एनसीओ तपासायचा: हिशेबाने ३.५८ टक्के यायला हवा. ४ दिसला तर अजून वेळ द्यायचा, ३.२ पर्यंत उतरला तर पाणी शिरलंय असं धरायचं. त्यानंतर सुकवलेलं कार्डेनॉल घालून, इन्फ्रारेड तपासणीतला एनसीओचा २२७० चा पट्टा नाहीसा होईपर्यंत ८५ अंशांवर ढवळायचं. टीडीआयच्या वाफेने कायमचा दमा जडू शकतो, त्यामुळे एक्झॉस्ट आणि हवापुरवठ्याचा मास्क यांत तडजोड नाही. पाणी लागलेल्या ड्रमचं झाकण घट्ट लावायचं नाही. वायूच्या दाबाने ड्रम फुटतो.

हे झाकलेलं पॉलियुरेथेन आम्ही रेझिनच्या भागातच मिसळून देतो. १०० भाग इपॉक्सीला पॅटर्नसाठी ८ ते १०, पॉटिंगसाठी १५ भाग. २० च्या पुढे उष्णता सोसण्याची ताकद झपाट्याने घसरते. झाकलेलं टोकही थोडं अमाइन खातं: १५ भागांना २३० रेणुभाराचं पॉलिइथर अमाइन (हार्डनर) ३२ ऐवजी ३३ भाग लागतं. सुटलेलं कार्डेनॉल अभिक्रियेला वेग देतं, म्हणून पॉट लाइफ (कालवलेला माल ओतता येण्याची मुदत) आखूडते. एका वेळी कमी माल कालवावा.

चिवटपणा येतो तो इपॉक्सी घट्ट होताना पॉलियुरेथेनचे सूक्ष्म थेंब वेगळे होतात म्हणून. चीर पुढे सरकताना त्या थेंबांपाशी पोकळ्या होतात, आजूबाजूचं इपॉक्सी ताणलं जातं आणि चिरेची ऊर्जा तिथे खर्च होते. फिलरशिवाय एक छोटा कप ओतून पाहा. दुधी दिसला तर थेंब सुटलेत. पारदर्शक आणि मऊ निघाला, तर पॉलियुरेथेन इपॉक्सीत विरघळूनच राहिलं; बहुधा हार्डनर फार वेगवान असतो आणि थेंबांना सुटायला वेळच मिळत नाही. तपासणी सोपी आहे. कपात षटकोनी लोखंडी नट ठेवून माल ओतायचा, एक दिवस साध्या तापमानाला आणि तीन तास ८० अंशांवर शिजवायचा, मग १०० अंशांचा ओव्हन आणि डीप फ्रीझर यांत आलटून पालटून ठेवायचा. नटाच्या कोपऱ्यांवर नजर ठेवावी. पहिली चीर तिथेच दिसते.

सध्या टीडीआयऐवजी एमडीआयवर (त्याच जातीच्या दुसऱ्या आयसोसायनेटवर) काम चालू आहे, कारण त्याची वाफ खूपच कमी. १०० किलो पॉलिऑलला तो २५ किलो लागतो. अडचण एवढीच, की शुद्ध एमडीआय ४० अंशांच्या आसपासच गोठतो आणि साठवणीत त्याचे डायमर (दोन रेणू जोडून झालेले) बनून गाळ बसतो; म्हणून तो वितळवून, गाळून लगेच वापरावा लागतो.