तुम्ही विचारलंत म्हणून : पिकअपचं नाक किती उचलायचं?

"काकू, पुढे काय टाकलंय? स्पेसर की स्प्रिंग?"

आमच्या बिल्डिंगमधल्या चौथ्या मजल्यावरच्या मुलाने टोयोटाची नवी हायलक्स पिकअप घेतली आहे, त्याचा हा प्रश्न : मागून उंच दिसणाऱ्या पिकअपचं नाक वर आणायला मी पुढे काय बसवलंय. त्याच्याआधी घोडबंदर रोडवरच्या पेट्रोल पंपावर एकाने विचारलं होतं, त्याच्याआधी ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या मेव्हण्याने फोन करून. माझी इसुझू व्ही-क्रॉस पिकअप २०१८ ची, म्हणजे तरुण मुलांनी वळून बघावं अशी राहिलेली नाही. पण ती पुढून बसकी दिसत नाही, आणि हे पिकअपवाल्यांच्या डोळ्यांना लगेच कळतं.

मी दर वेळी उलट प्रश्न विचारते, आणि समोरच्याचा चेहरा पडतो. गाडी कुठल्या दिवशी सपाट हवी? सोमवारी की शनिवारी?

माझं असं आहे. सोमवार ते शुक्रवार गाडी ठाण्यात फिरते. घर ते वागळे इस्टेट, वागळे इस्टेट ते घर, आणि हौद्यात फार तर एक छत्री. शनिवारी पहाटे आम्ही मुरबाडला जातो. तिथे आमचा दीड एकराचा तुकडा आहे. तेव्हा मागे शेणखताच्या गोण्या, पाइपची गुंडाळी, कधी दुरुस्त करून आणलेली मोटर असं दोनशे किलोच्या आसपास वजन असतं. एकच गाडी आणि तिचे दोन अवतार.

पिकअप मागून उंच असते ती कंपनीला नीट जमलं नाही म्हणून नाही. मागे कमानपाटे (एकावर एक ठेवलेल्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या) असतात आणि हौद्यात वजन पडलं की ते बसतात. बसल्यावर गाडी सरळ दिसावी म्हणून रिकामी असताना मागून वर ठेवलेली असते. पुढे मात्र कॉइल स्प्रिंग, तिच्या पोटातून गेलेला धक्के जिरवणारा शॉक, आणि चाकाला चासीशी जोडणारे वर-खाली दोन आर्म. पुढचं वजन म्हणजे मुख्यतः इंजिन, ते काही दर शनिवारी बदलत नाही.

हे सगळं मला आता माहीत आहे. २०२० मध्ये नव्हतं. तेव्हा मला फक्त इतकंच दिसत होतं की फोटोत गाडी शेपटी वर करून उभी आहे. एका वर्कशॉपमध्ये गेले, म्हटलं इंचभर उचला. तिथल्या पोराने इंचभर जाडीचे ॲल्युमिनियमचे दोन स्पेसर दाखवले. शॉकच्या डोक्यावर, बॉडीच्या आणि त्याच्या मध्ये बसवायचे. दोन तासांत काम झालं, पैसेही फार नाहीत. गाडी खाली उतरवली तर नाक जवळजवळ दोन इंच वर गेलेलं! मला वाटलं टायरमध्ये हवा जास्त भरली की काय.

हे गणित मला नंतर एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी समजावलं, तेही स्वतःच्या गॅरेजचं दार वापरून. म्हणाले, ताई, दाराच्या मध्यावर बोट ठेवून इंचभर ढकला. बिजागरीपाशी काही हलत नाही, पण कडीपाशी किती सरकलं? दोन इंच. खालचा आर्म म्हणजे हे दार. बिजागरी चासीपाशी, कडी चाकापाशी, आणि शॉकचा पाय मधेच कुठेतरी. म्हणून वर इंच घातला की चाकाशी जवळपास दुप्पट होतो. पुढे दोन आर्मची रचना असलेल्या बहुतेक पिकअपना हे लागू आहे. इंच हवा असेल तर स्पेसर अर्ध्या इंचाचा लागतो, हे विकणाऱ्याने सांगायला हवं होतं आणि विकत घेणारीने विचारायला.

त्या दोन इंचांनी मला वर्षभर काय काय दाखवलं ते सांगते. स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून "टक्" असा आवाज. स्पेसरने स्प्रिंग बदलत नाही, शॉक तेवढाच लांब राहतो. फक्त सगळा सांगाडा खाली ढकलला जातो. त्यामुळे चाक खड्ड्यात लटकलं की आर्म पूर्वीपेक्षा खाली जातो आणि आर्म आणि चाक जोडणारा बॉल जॉइंट त्याच्या शेवटच्या कोनापर्यंत पोचतो. तो टक् म्हणजे तीच हद्द. फोर बाय फोर असल्यामुळे पुढच्या चाकांना इंजिनची ताकद पोचवणारे सीव्ही जॉइंटही तिरपे झाले. एका बाजूच्या रबरी बुटातून ग्रीस गळून रिमच्या आतल्या बाजूला काळा पट्टा उमटला होता. नाशिक हायवेवर ऐंशीच्या वर गाडी तरंगायची. अलाइनमेंटवाल्याने टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) जुळवून दिला, पण कॅस्टर काही केल्या पुरेसा येईना. हा कॅस्टर म्हणजे वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ आणणारा कोन. नाक उचललं की तो कमी होतो. फार उचललं तर वरचा आर्मच वेगळ्या कोनाचा घ्यावा लागतो, म्हणजे खर्च पुन्हा तिथून सुरू.

आणि शनिवार! शनिवारी गाडी भरली की समोरचे सगळे मला डिपर मारायचे. चढावर एका टेम्पोवाल्याने तर काच खाली करून सुनावलं. हेडलाइट खाली करायचं बटण शेवटच्या आकड्यावर होतं, तरी लाइट लोकांच्या डोळ्यांतच जात होता.

तेव्हा कुठे मी मोजायला बसले. मापं घ्यायची खरी जागा मडगार्डची कड नाही. पुढची आणि मागची कमान कंपनीने वेगवेगळी कापलेली असते, तिथे मोजून गाडी सपाट आहे की नाही ते कळत नाही. दारांखालची सरळ कड बघायची. आमच्या मजल्यावर तेव्हा फरशीचं काम चालू होतं. गवंड्याकडून पाणसळ मागून घेतली, बेसमेंटमध्ये आधी जमीन तपासली (एक कोपरा सोडून बाकी सगळीकडे उतार निघाला, बिल्डरची कृपा), मग त्या कोपऱ्यात गाडी लावून टेपने मापं घेतली. स्पेसर काढून टाकल्यावर, रिकाम्या गाडीची.

कडेच्या दोन टोकांत दोन मीटरवर २४ मिलिमीटरचा फरक होता. व्ही-क्रॉसच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३०९५ मिलिमीटर, म्हणजे चाकांपाशी फरक सुमारे ३७. मग गोण्या भरल्या. मागची बाजू २८ ने बसली. फरक उरला ९. नऊ मिलिमीटर म्हणजे माझ्या करंगळीएवढेसुद्धा नाहीत! शनिवारी माझी गाडी कंपनीतून आली तशीच सपाट होती. स्पेसरने पुढे ४६ उचललं होतं, त्यामुळे भरलेली गाडी ३७ ने नाक वर करून चालत होती. पूर्वी रिकामी असताना मागून जेवढी वर, तेवढीच आता भरल्यावर पुढून. पैसे देऊन मी रोग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेला होता.

म्हणून मधलं काहीतरी शोधायचं ठरवलं. इथे ऑस्ट्रेलियन आणि थाई माल भरपूर मिळतो. ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन, प्रोफेंडर ही नावं तुम्ही ऐकली असतीलच, जर्मन बिल्स्टीनही आहे. यात लोक फसतात ते ब्रँडमध्ये नाही, स्प्रिंगच्या वजनात फसतात. ऑस्ट्रेलियात गाडीच्या पुढे लोखंडी बुलबार (बंपरपुढचा संरक्षक सांगाडा) आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) असणं नेहमीचं, त्यामुळे एकाच गाडीसाठी पुढच्या स्प्रिंगा दोन-तीन प्रकारच्या असतात : काही न लावलेल्यासाठी, बुलबारसाठी, बुलबार अधिक विंचसाठी. आपल्याकडे २०१७ च्या डिसेंबरात केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने बुलबारवर कारवाई करायला सांगितलं, म्हणजे पुढे ते वजन येणारच नाही. तरी दुकानदाराकडे पडून असलेली जड स्प्रिंग लोक "हेवी ड्यूटी आहे" म्हणून आनंदाने घेऊन जातात. मग गाडी ठरल्यापेक्षा जास्त उचलली जाते आणि खड्ड्यात दात वाजतात. हेवी ड्यूटी हा शब्द ऐकला की मी पहिल्यांदा विचारते, कसलं हेवी?

मी शेवटी मूळ वजनाची स्प्रिंग घेतली आणि तिच्या जोडीला असा शॉक, ज्यावर स्प्रिंगची खालची बैठक खाचांमध्ये कडी हलवून वर-खाली करता येते. पुढे २२ मिलिमीटर. रिकामी असताना गाडी मागून १५ ने वर, भरली की पुढून १३ ने वर. कुठल्याच दिवशी पूर्ण सपाट नाही आणि दोन्ही दिवस डोळ्यांना खुपत नाही. खर्च स्पेसरच्या कितीतरी पट झाला, ते लपवत नाही. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही महिन्यांत थोड्या बसतात, ते आधीच धरून ठेवा.

बसवताना एका गोष्टीवर अडून बसा. आर्मच्या बिजागरीचे, रबरी बुश (सांध्यातलं नळीसारखं अस्तर) असलेले बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. त्याच मेस्त्रींनी माझ्यासमोर गाडी रॅम्पवर चारही चाकांवर उभी केली, दोनदा बॉनेट दाबून हलवली, मग फळीवर आडवे होऊन खालून टॉर्क रेंचने बोल्ट कसले. हवेत कसले तर गाडी खाली आल्यावर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. पहिल्या वर्कशॉपने माझे बुश तसेच कसले होते. काढले तेव्हा रबराला बोट जाईल एवढी चीर होती.

मागे मी काहीच केलं नाही. कोणी कोणी सपाट दिसायला पाट्यातला एक पाटा काढून टाकतात. असं करू नका, शनिवारी तोच पाटा वजन घेणार आहे. उलट मागे ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ब्लॉक घालून चारही बाजूंनी उचलायचं असेल तर ते दोन्ही बांधून ठेवणारे यू-बोल्ट नवे घ्या, ताणलेले जुने पुन्हा कसू नका. आणि तुमच्या गाडीत मागच्या ॲक्सलला जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह आहे का ते बघा. हौद्यात किती वजन आहे हे तो ॲक्सल आणि बॉडीमधल्या अंतरावरून ओळखतो. मागून उचललेल्या गाडीला तो रिकामी समजतो आणि भरलेली असतानाही मागचा ब्रेक कमी देतो. ज्या जुन्या गाड्यांना पुढे कॉइलऐवजी टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) आहेत तिथे बोल्ट फिरवून फुकटात नाक उचलता येतं. पण तेवढंच उचला, जेवढ्याने वरचा आर्म खाली लटकण्याची हद्द ठरवणाऱ्या रबरी ठोकळ्याला टेकणार नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणे वाचलं. मी बदल छोटा ठेवला, विमा कंपनीला मेलने कळवलं आणि पोच जपून ठेवली.

तर चौथ्या मजल्यावरचा मुलगा. त्याला विचारलं, हौद्यात काय असतं तुझ्या? म्हणाला, सायकल. एरवी? एरवी काही नाही. मग त्याचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं आणि स्वस्त आहे. वजन न वाहणाऱ्या गाडीला अर्ध्या इंचाचा, नीट बसवलेला स्पेसर, लगेच अलाइनमेंट आणि हेडलाइट खाली, एवढ्यावर भागेल. त्याचा चेहरा थोडा पडला, त्याला बिल्स्टीनच घ्यायचा होता. म्हटलं घे, पण आधी मोज.

गवंडी काम संपवून गेले, पाणसळ न्यायला विसरले. ती अजून माझ्याकडे आहे. बेसमेंटमधला तो एक सपाट कोपराही दाखवते, फक्त रविवारी संध्याकाळनंतर या, तोवर आम्ही मुरबाडहून परत आलेलो असतो.