आधी डोंगर, मग समुद्र

"काऊन व, अंबाझरीत पाणी नाही काय?"

पाच महिन्यांसाठी इंडोनेशियाला चालले आहे, पाण्याखाली उतरायला शिकणार आहे आणि जमलंच तर ज्वालामुखीवरही चढणार आहे, हे आईला एका दमात सांगून टाकलं, तेव्हा तिने विचारलेला हा प्रश्न. अंबाझरी म्हणजे आमच्या नागपूरचा तलाव. मिहान या नागपूरच्या उद्योगनगरीतली नोकरी सोडल्याचं दुःख तिला आधीच पुष्कळ होतं, त्यामुळे मी वाद घातला नाही.

पुढे बालीतल्या तुलांबेन गावात स्कूबाचा कोर्स करताना कळलं, की समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वरच्या पाण्यात डुबी मारायची तर ते "उंचीवरचं डायव्हिंग" धरतात आणि त्याचे हिशेब वेगळे असतात. आपलं नागपूर साधारण ३१० मीटरवर. म्हणजे आईच्या अंबाझरीत उतरायलाही मला वेगळा धडा घ्यावा लागला असता! (त्या जलपर्णीत दिसणार काय, हा प्रश्न निराळा.) ही गंमत आत्ता सांगते आहे, पण याच हिशेबावर माझा मोठा घोळ होता होता राहिला. मागून जाणाऱ्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी तेवढं वाचावं.

झालं असं, की दक्षिण बालीतल्या एका एजंटकडून मी एकत्र पॅकेज घेतलं होतं. डायव्हिंग, आणि शेवटच्या डुबीच्या रात्रीच बातूर ज्वालामुखीवर सूर्योदय पाहायला चढाई. शेवटची डुबी दुपारी साडेतीनला संपणार, गाडी रात्री दीडला दारात येणार. कागदावर वेळ कसा छान बसला होता. डुबी संपवून ओल्या केसांनीच मी वहीत नोंद करत होते. शिकवणारे पाक (तिथे वडीलधाऱ्या माणसाला पाक म्हणतात) सहज म्हणाले, "उद्या काय?" मी सांगितलं. त्यांनी माझ्या हातातला पेन काढून घेतला आणि वहीच्या कडेला दोन आकडे लिहिले: १७१७ आणि १०. पहिला बातूरची उंची, दुसरा मधल्या तासांचा. मग दोन्हींवर काट मारली.

कारण सोपं आहे. पाण्याखाली दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. टाकीतली हवा त्या दाबाने आत जाते आणि तिच्यातला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत मुरतो. वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे निघून जातो, पण त्याला वेळ लागतो. तेवढ्यात तुम्ही उंच गेलात, विमानाने नाहीतर पायी, तर बाहेरचा दाब आणखी उतरतो आणि गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर उठतात तसे अंगात बुडबुडे उठतात. सांधे दुखण्यापासून लकव्यापर्यंत काहीही. म्हणून एकाच डुबीनंतर निदान १२ तास आणि अनेक डुब्या, अनेक दिवस केल्या असतील तर निदान १८ तास विमानात बसायचं नाही, हा नियम. आमच्या पाकांचा हिशेब सरसकट २४ तासांचा, आणि डोंगरालाही तोच. ट्रेकचे पैसे बुडाले. एजंटचं म्हणणं, "सगळे जातात, काही होत नाही." मी दोन दिवस तुलांबेनमध्येच नारळपाणी पीत बसले.

आणखी एक बारीक गोष्ट. तुलांबेनहून दक्षिणेकडे येणाऱ्या गाड्या कधी कधी किंतामणीच्या रस्त्याने येतात आणि तो रस्ता साधारण दीड हजार मीटरवर चढतो. डुबी मारून लगेच निघणार असाल तर ड्रायव्हरला आधीच सांगा, किनाऱ्याच्या रस्त्याने ने बाबा.

तेव्हा क्रम एकच: आधी डोंगर, मग समुद्र, आणि परतीच्या विमानाआधी एक अख्खा दिवस कोरडा. डोंगर उतरल्यावरही त्याच संध्याकाळी पाण्यात उडी घेऊ नका. घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असतं आणि तशा अंगाला डायव्हिंगचा धोका वाढतो. मधे एक-दोन दिवस झोपा, भात खा, पाणी प्या.

आता तुलांबेनबद्दल. एवढ्या भटकंतीत कुठे पुन्हा जायचं म्हटलं तर मी तिथेच जाईन. किनारा म्हणजे वाळू नाही, काळे गोल गोटे, नारळाएवढे. पायात जाड तळाचे बूट नसतील तर पाण्यात शिरेपर्यंतच पाय मुरगळतो. दुकानापासून पाण्यापर्यंत टाक्या बायका डोक्यावरून नेतात, आपल्याकडे बाजारात टोपल्या नेतात तशा. कधी एकीच्या डोक्यावर दोन. त्या माझ्याकडे पाहून हसायच्या, कारण मी एक टाकी पाठीवर घेऊन वाकलेली.

किनाऱ्यापासून तीसेक मीटरवर, पाण्याखाली, लिबर्टी नावाचं अमेरिकन मालवाहू जहाज आडवं पडलं आहे. लांबी साधारण १२० मीटर. ११ जानेवारी १९४२ ला जपानी पाणबुडीने त्याच्यावर टॉर्पेडो मारला. ओढून नेताना ते बुडायला लागलं म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवलं आणि मग ते एकवीस वर्षं तिथेच उभं राहिलं, गंजत. १९६३ मध्ये मागचा आगुंग ज्वालामुखी फुटला. त्या उद्रेकात बालीत हजाराहून जास्त माणसं गेली, आणि त्या धक्क्यांनी हे जहाज किनाऱ्यावरून घसरून पाण्यात गेलं. मी इथे दोन वेगवेगळे छंद करायला आले होते, डोंगर एक आणि समुद्र एक. पाण्यातून डोकं वर काढलं की समोर आगुंग, खाली त्यानेच ढकललेलं जहाज.

जहाजाचा वरचा भाग पाच मीटरवर आहे, तळ तीसच्या आसपास. पहिल्या कोर्सनंतर १८ मीटरपर्यंतच जाता येतं, आणि तेवढं भरपूर आहे. पहाटे सहाला उतरा. तेव्हा डोक्यावर टेंगूळ असलेल्या पोपटमाशांचा कळप जहाजाच्या आसऱ्यातून निघतो, एकेक मासा आपल्या बकरीएवढा. नऊनंतर दक्षिणेकडून गाड्या येतात आणि मग माशांपेक्षा माणसांचे पाय जास्त दिसतात.

शिकतानाचं सांगायचं तर, मला पोहता येत होतं ते अंबाझरी रस्त्यावरच्या तरण तलावाच्या कृपेने. कोर्ससाठी २०० मीटर न थांबता पोहावं लागतं आणि दहा मिनिटं तरंगावं लागतं. वेगाची अट नाही. हे नागपुरातच पक्कं करून जा. तिथे समुद्रात शिकायला बसलात तर पैसेही जातात आणि भीतीही वाढते. खरी परीक्षा कानांची असते. खाली जाताना दर मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान दुखायच्या आधी. दुखल्यावर फुंकून उपयोग नाही, थोडं वर यायचं. मला एसी बसने सर्दी झाली होती, ती लपवून मी तिसऱ्या दिवशी उतरले आणि चार मीटरवर कानात सुई घुसली. पुढचे पाच दिवस पाणी बंद. सर्दी असेल तर डायव्हिंग नाही, आणि औषधाने नाक मोकळं करूनही नाही, कारण औषधाचा असर खालीच उतरला तर वर येताना कान अडकतात.

वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही, सावकाश यायचं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, टाकीत ५० बार (हवेच्या दाबाचं माप) उरले असताना पाण्याच्या वर असायचं. आणि थंडी! सव्वीस-अठ्ठावीस डिग्रीचं पाणी म्हणजे काय, असं सत्तेचाळीसचा उन्हाळा पाहिलेल्या माणसाला वाटतं. पाऊण तासाने माझे दात वाजत होते. पूर्ण बाह्यांचा वेटसूटच मागा.

आता डोंगर. इजेन ज्वालामुखी जावाच्या पूर्व टोकाला आहे, बालीहून फेरीबोटीने जाता येतं. रात्री दोनच्या सुमाराला चढायला लागायचं, वाट तीनेक किलोमीटर, चढ खडा पण कोणालाही जमेल असा. विवराच्या आत उतरलं की निळ्या ज्वाळा दिसतात. तो लाव्हा नाही. फटींतून येणारा गंधकाचा तापलेला वायू हवेत पेटतो, त्याचा रंग. उजाडलं की ज्वाळा दिसेनाशा होतात आणि खाली हिरवं-निळं तळं उघडं पडतं. दिसायला मोहक, पण ते तीव्र आम्ल आहे. गंधक काढणारे मजूर सत्तर-ऐंशी किलोच्या टोपल्या बांबूच्या कावडीने खांद्यावर घेऊन त्याच वाटेने वर येतात, कित्येकांच्या तोंडाला नुसता ओला कपडा. मी भाड्याचा गॅस मास्क लावून उभी, आणि ते खोकत वाट मागत होते. फोटो काढावासा वाटला नाही. तुम्ही गेलात तर त्यांना वाट द्या, गंधकाची छोटी कासवं-फुलं विकतात ती घ्या. प्रवेशासाठी आरोग्याचा दाखला लागतो, पायथ्याच्या गावात तपासून देतात. दमेकऱ्यांनी खाली उतरू नये.

जावातल्याच ब्रोमो ज्वालामुखीला गेले. जीपगाड्यांचा पोळा भरला होता. एवढं पुरे.

रिंजानी मात्र थट्टा नव्हे. लोंबोक बेटावरचा हा डोंगर ३७२६ मीटरचा. सेंबालुन गावातून पहिल्या दिवशी गवताळ माळ तुडवत विवराच्या कडेवर, २६३९ मीटरवर, मुक्काम. रात्री दोनला उठून शिखर. शेवटचा टप्पा नुसत्या भुसभुशीत खडीचा: दोन पावलं वर, एक खाली, आणि वारा असा की बसून घ्यावं लागतं. आमच्यासोबतचे हमाल चपला घालून, कावडीला तंबू, तांदूळ, कोंबडी बांधून आमच्या आधी पोचलेले असायचे. नागपुरात चढ कुठला आणायचा? मी तीन महिने दर रविवारी रामटेकच्या पायऱ्या केल्या, पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन, आणि त्याआधी मावशीबरोबर नागद्वारीची यात्रा. पचमढीच्या पावसात लोखंडी शिड्या चढलेल्या बाईला रिंजानीची चढण घाबरवत नाही. उतरण घाबरवते. माझे गुडघे तिसऱ्या दिवशी गेले. दोन काठ्या घ्या, एक नको.

उजाडलं तेव्हा एका बाजूला समुद्रापलीकडे आगुंग, दुसऱ्या बाजूला खाली अर्धचंद्रासारखं तळं आणि त्यात वर आलेला नवा, काळा, छोटा ज्वालामुखी. हे तळं १२५७ च्या स्फोटात तयार झालं. तेव्हा इथे सामालास नावाचा डोंगर होता, तो फुटून आत बसला. त्याची राख आणि गंधक इतकं दूर गेलं, की दोन्ही ध्रुवांच्या बर्फात त्याचा माग सापडतो. आपल्याकडे तेव्हा देवगिरीवर यादव राज्य करत होते. पायाखालचा काळा दगड मी हातात घेतला, ओळखीचा वाटला. सीताबर्डीची टेकडी याच जातीच्या दगडाची, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. शाळेत वाचलेलं होतं, पण टेकडीखाली रोज ट्रॅफिकमध्ये उभं राहून कोणाला आठवतं.

रिंजानी जानेवारी ते मार्च पावसामुळे बंद असतो. नोंदणी आधी करावी लागते, वाटाड्याशिवाय जाऊ नका. २०२५ च्या जूनमध्ये एक ब्राझिलियन तरुणी शिखराच्या वाटेवर पडून दगावली, मी त्यानंतर तीनच महिन्यांनी गेले. दमलात तर थांबा, पण एकटं मागे राहू नका, आणि तुम्हाला एकटं सोडून वाटाड्याला पुढे जाऊ देऊ नका.

खाण्याचं. शाकाहारी असाल तर टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या) यांवर महिने काढता येतात, पण सांबल चटणीत बहुधा वाळलेल्या झिंग्याची पेस्ट असते. "तांपा तरासी" म्हणजे ती नको. सावजी पचवलेल्या पोटाला त्यांचं तिखट काही करत नाही, हे मी अभिमानाने सांगते. व्हिसा विमानतळावर मिळतो, पाच लाख रुपिया (मी गेले तेव्हा आपल्या एका रुपयाला साधारण १८५-१९० येत होते, लाख ऐकून दचकू नका). तीस दिवसांचा, आणखी तीस वाढतो, पुढे देशाबाहेर पडून परत यावं लागतं. बालीचा दीड लाख रुपियांचा पर्यटक कर वेगळा.

विमा घेताना बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच पॉलिसींत डायव्हिंग नसतं, असलं तर किती मीटरपर्यंत ते लिहिलेलं असतं, आणि ट्रेकिंगलाही उंचीची मर्यादा असते. माझ्या पहिल्या पॉलिसीत ३००० मीटरच्या वरचं काहीच नव्हतं. निघायच्या आठवडाभर आधी लक्षात आलं आणि दुसरी घ्यावी लागली.

मावसभाऊ डिसेंबरात जायचं म्हणतो. त्याला सांगितलं, तेव्हा तिथे पाऊस, मे ते सप्टेंबरमध्ये जा. आणि त्याआधी एकदा मालवणला जाऊन वीस मिनिटं पाण्याखाली राहून पाहा. तो काही कोर्स नसतो, शिकवणारा धरून नेतो, पण तोंडाने श्वास घेताना घाबरायला होतं की नाही, ते त्या वीस मिनिटांत कळतं. घाबरायला झालं तर रामटेक आहेच.