ढोलकीवाल्यांचा लेख: कात्रणं तीन, स्रोत एकच

तमाशाच्या फडातल्या एका दिवंगत ढोलकीवाल्यांवर मी विकिपीडियावर लेख केला होता. मंगळवारी रात्री त्यावर उल्लेखनीयतेचा साचा, म्हणजे पुरेसे त्रयस्थ संदर्भ नसल्याची सूचना, लागला. धूळपाटीवरून (कच्च्या मसुद्याच्या पानावरून) मुख्य नामविश्वात, म्हणजे प्रत्यक्ष लेखांमध्ये, आणून जेमतेम चार दिवस झाले होते. निधनाच्या बातम्या तीन दैनिकांत मिळाल्या, आता काळजी नाही, असं मागच्या वेळी लिहिलं होतं. ते मागे घेतो.

तिन्ही कात्रणं टेबलावर शेजारी शेजारी मांडली. 'सतराव्या वर्षी फडात दाखल झाले' हे वाक्य तिन्हीकडे जसंच्या तसं. गावाच्या नावातला चुकीचा ऱ्हस्वही तिन्हीकडे तोच. म्हणजे एकच मजकूर तीन ठिकाणी छापून आला होता, आणि तिन्ही मिळून संदर्भ एकच. सत्काराचा गौरव अंक आहे, पण तो सत्कार समितीनेच काढलेला. त्रयस्थ म्हणता येत नाही. साचा लावणाऱ्याचं बरोबर आहे.

तरी जीव तुटतो. तमाशावर लिहिणारे नाचणारणीवर लिहितात, सोंगाड्यावर लिहितात. मागे उभ्या साथीदाराचं नाव एका ओळीत येतं आणि संपतं. आपला उल्लेखनीयतेचा निकष माणसाची थोरवी मोजत नाही, त्याच्याबद्दल इतरांनी काय लिहून ठेवलं ते मोजतो. फुले दांपत्याच्या शाळेतल्या विद्यार्थिनी मुक्ता साळवेंचंच बघा. ज्ञानोदय नियतकालिकात १८५५ साली आलेला एक निबंध, पुढच्या आयुष्याची माहिती जवळपास नाही, तरी त्यांच्या पानावर कुणी असा साचा लावणार नाही, कारण त्या निबंधावर अभ्यासकांनी भरभरून लिहिलंय. उलट डोना स्ट्रिकलंड यांच्यावरच्या लेखाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियावरून मे २०१८ मध्ये पुरेशा संदर्भांअभावी परत गेला आणि २ ऑक्टोबरला त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. त्यांचं काम तर १९८० च्या दशकातलं! कुणी लिहिलं नाही की असं होतं.

शनिवारी मात्र हाती घबाड लागलं. ग्रंथालयातल्या बांधीव अंकांत, तिसऱ्या गठ्ठ्यात, एका रविवार पुरवणीत ढोलकीवाल्यांवर सव्वा कॉलम! लेखक स्वतः कनातीत बसून ऐकलेलं लिहितो: खेळाआधी शाईची बाजू कानाशी धरून ते बोटाने हलकेच टिचकी मारत, मनासारखा सूर लागेपर्यंत कुणाशी बोलत नसत. वाचताना अंगावर काटा आला. फोटो काढून मजकूर ओसीआरला (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रणालीला) दिला तर 'ढोलकी'ची 'दोलकी' आणि 'फड'चा 'फल' झाला. जुन्या खिळे-छपाईसाठी मी आता ओसीआरच्या नादी लागणार नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर हाताने टंकलेलं बरं. अंक ऑनलाइन नाही, पण छापील संदर्भ चालतो. तारीख आणि पान क्रमांक टिपून घेतलेत.

पण चांगला संदर्भ एकच झाला. दुसरा शोधायला पुढचा शनिवार ठेवला होता, आणि हे लिहिता लिहिताच वाटतंय की आधी त्यांच्या फडाचा लेख करावा. फडावर दोन पुस्तकांत स्वतंत्र प्रकरणं आहेत. त्या लेखात 'साथीदार' असा विभाग, ढोलकीवाल्यांना तिथे दोन परिच्छेद, आणि त्यांच्या नावाचं पान तिकडे पुनर्निर्देशित, म्हणजे ते उघडलं की वाचक थेट फडाच्या लेखावर. जुना मजकूर पानाच्या इतिहासात राहील. दुसरा संदर्भ मिळाला की पुनर्निर्देशन काढून लेख परत उभा करता येईल. आज रात्री चर्चा पानावर हे मांडतो.

कुणाकडे १९७५ ते ९० मधल्या रविवार पुरवण्या किंवा दिवाळी अंक असतील तर तमाशावरचे लेख चाळून बघा. ढोलकी, तुणतुणं, हलगी, कुठल्याही साथीदाराचं नाव दिसलं तरी पान क्रमांकासह कळवा.