हरलेल्या पैलवानाचंही नाव घ्या

जत्रेच्या कुस्ती मैदानात माइक धरून निवेदन करणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. पोटासाठी उद्यमबागेतली फाउंड्री आहे. पण सुगी संपून भात घरात आलं की बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या गावांतून कमिटीवाल्यांचे फोन सुरू होतात, आणि सुट्टीच्या दिवशी मी तांबड्या मातीच्या कडेला उभा असतो. एरवी मी इथे डावांबद्दल लिहितो, जुन्या जोडांबद्दल लिहितो. आज हरलेल्यांबद्दल लिहायचं आहे, कारण गेल्या हंगामातली एक गोष्ट मनातून जायला तयार नाही.

आमच्याच भागातल्या एका पोराची कुस्ती कोल्हापूरच्या तालमीत असलेल्या एका पैलवानाशी लावली होती. समोरचा वजनाने जड, नावाने मोठा. पोरगं विशीतलं, बाप गवंडीकाम करतो. खडाखडी झाली आणि पोराने असा काही पट काढला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून खेचला, की माझाच आवाज चढला. समोरच्याने तो सोडवला. परत पट, परत सुटका. वीसेक मिनिटं झुंज चालली. हलगीवाले घामाने निथळत होते, माणसं उठून उभी राहिली होती. शेवटी पोराच्या पायातला जोर कमी झाला, समोरच्याने मागून कब्जा घेतला, लांगेत, म्हणजे लंगोटाच्या पट्टीत, हात घातला आणि घिस्सा मारून त्याला उलटं केलं. पंच वाकून पाठ बघत होते. दोन्ही खवाट्यांना, म्हणजे खांद्यांच्या मागच्या बाजूला, सारखी तांबडी माती, शंकेला जागाच नव्हती. पोरगं उठलं, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि जिंकलेल्याचा हात स्वतः धरून वर केला. मैदानाने दोघांनाही टाळ्या दिल्या. म्हाताऱ्या शौकिनांनी पुढे येऊन दोघांच्याही हातात नोटा ठेवल्या. आमच्याकडे हे नवीन नाही, चांगल्या कुस्तीला दोन्ही बाजूंनी बक्षीस पडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीला जाताना मोबाइल बघितला. त्या सगळ्या कुस्तीतले शेवटचे काही सेकंद कापून कुणीतरी व्हिडिओ केला होता. पोरगं हवेत उलटं होतंय, पाठीवर आपटतंय, मागे हसण्याचा आवाज जोडलेला. वर लिहिलेलं, ‘दूध बदाम पाण्यात’. खाली शेकड्यांनी लोक. कुणी म्हणतंय पैसे घेऊन पडला, कुणी म्हणतंय नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवलेली, कुणी त्याच्या गावाला शिव्या देतंय. यातल्या किती जणांनी मैदानाच्या मातीला कधी हात लावला असेल? सायंकाळी पोराच्या आईचा फोन आला. “मामा, तेवढं काढून टाकायला सांगा की. पोरगं तालमीला जाईना झालंय. शेजारची पोरं त्याच्यासमोर तेच लावून बसत्यात.”

व्हिडिओ टाकणारा मुलगा माझ्या ओळखीचा निघाला. मैदानात माझ्या शेजारीच मोबाइल धरून बसतो, वागायला गोड आहे. त्याला म्हटलं, “अरे, पूर्ण कुस्ती तुझ्याकडे आहे, ती टाक.” तो म्हणाला, “मामा, पडल्यालंच चालतंय. पुरी कुस्ती कोण बघतंय?” त्याने तो व्हिडिओ काढला, पण तोवर तो गावोगावच्या ग्रुपांवर गेलेला होता.

त्या उत्तरावर मी खूप विचार केला. तो मुलगा वाईट नाही, आणि त्याच्या खाली शिव्या लिहिणारे सगळेच वाईट असतील असंही मला वाटत नाही. पण त्यांच्यासमोर फक्त पाठ टेकलेला माणूस ठेवलाय. तो तिथपर्यंत कसा आला, त्याने काय केलं, कुठे चुकला, समोरचा किती ताकदीचा होता, यातलं काहीच नाही. मग मोकळ्या जागेत माणूस काय भरणार? शिवीच भरणार. कुस्ती झाली त्याच संध्याकाळी तालमीत वस्ताद त्या पोराबद्दल बोलले, तेही कडकच बोलले. “खाली गेल्यावर कोपरं अंगाला चिकटून पायजेत. तू हात पुढं टाकलास, त्याला लांग गावली. आणि पटासाठी सारखा घुसत गेलास, दम राखला नाहीस.” पोरगं मान खाली घालून ऐकत होतं, पण ते ऐकताना त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. व्हिडिओ बघताना होतं. हरल्याबद्दल बोलूच नका असं माझं म्हणणं नाही. बोला, सविस्तर बोला, हवं तर कठोर बोला, पण कसा हरला ते सांगा.

हे गावातल्या मैदानापुरतं नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकला आपल्या मुलींचा हॉकी संघ उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून २–१ ने हरला. त्या सामन्यात पहिला गोल आपला होता, गुरजीत कौरचा, खेळ सुरू होतो न होतो तोच. अर्जेंटिनाचे दोन्ही गोल पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या चुकीमुळे मिळणाऱ्या संधीवर, आले आणि दोन्ही एकाच खेळाडूने मारले. म्हणजे हरण्याचं कारण स्पष्ट आहे, त्यावर तासभर बोलता आलं असतं. पाच वर्षांपूर्वी रिओत हाच संघ शेवटचा, बारावा आला होता. तिथून पहिल्या चारांत येणं ही केवढी चढण! आणि हरिद्वारजवळच्या गावात काय झालं? वंदना कटारियाच्या घरासमोर काही जणांनी फटाके वाजवले, नाचले, संघात दलित मुली जास्त म्हणून हरलो असं तिच्या घरच्यांना सुनावलं. याच वंदनाने आदल्या आठवड्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. ज्याला पेनल्टी कॉर्नर म्हणजे काय हे समजून घ्यायचं नसतं, त्याला हरण्याचं कारण जातीत सापडतं. मोहम्मद शमीच्या बाबतीत त्याच वर्षी पाकिस्तानविरुद्धच्या सामन्यानंतर ते धर्मात सापडलं. समोरच्यांनी दहा गडी राखून जिंकलेल्या सामन्यात एकच माणूस दोषी कसा, हे विचारायला कोणी थांबलं नाही. विराट कोहलीने उघडपणे शमीची बाजू घेतली ते मला फार आवडलं.

विनेश फोगटचं तर आमच्या तालमीत रोज निघतं. ६ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो वजनगटात तिने पहिल्याच कुस्तीत जपानच्या युई सुसाकीला हरवलं. आंतरराष्ट्रीय मॅटवर तोवर एकदाही न हरलेली मुलगी ती. त्याच दिवशी विनेश फायनलला पोचली आणि दुसऱ्या सकाळी वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं म्हणून बाद. नागपंचमी दोन दिवसांवर होती, तालमीत पोरं जमलेली. सगळ्यांचा एकच प्रश्न, शंभर ग्रॅम म्हणजे काय, घोटभर पाणी! आमच्या जत्रेच्या मैदानात जोड नजरेने लागते, काट्यावर कोण उभं राहतंय? त्यामुळे लोकांना ते कळणं अवघडच होतं. टीव्हीवर दिवसभर एकतर कारस्थान, नाहीतर तिचाच निष्काळजीपणा. वजन दोन्ही दिवशी सकाळी घेतात, दुसऱ्या दिवशी भरलं नाही तर आदल्या दिवशीचं सगळं पुसून शेवटचा क्रमांक मिळतो, एकदा शरीर सुकवून वजनात बसलेला पैलवान दिवसभर तीन कुस्त्या खेळताना पाणी आणि अन्न घेणारच, आणि ते रात्रीत परत उतरवायचं असतं, हे आमच्या वस्तादांनी पायरीवर बसून पोरांना समजावलं. तिने रात्रभर घाम काढला, केससुद्धा कापले, हेही सांगितलं. मग पोरं गप्प झाली. त्यांतल्या एकाने विचारलं, “म्हणजे ५३ किलोतनं खेळली असती तर?” तो खरा प्रश्न होता. तो विचारायला आधी नियम कळावा लागतो.

आमच्या बेळगावकडे याबाबतीत सांगण्यासारखं एक नाव आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथलं, आणि त्या रेजिमेंटचे शंकर लक्ष्मण हे भारताचे हॉकीचे गोलरक्षक. माणूस मूळचा महूचा, सैन्यात बँडमध्ये भरती झालेला. १९६० ला रोमच्या फायनलमध्ये पाकिस्तानने एक गोल केला आणि ऑलिंपिकमध्ये भारत पहिल्यांदा हरला. १९२८ पासून चालत आलेली सुवर्णपदकांची रांग त्या दिवशी तुटली आणि गोलात हा माणूस उभा होता. आज असं झालं असतं तर त्या गोलाचा तुकडा किती दिवस फिरला असता याचा अंदाज तुम्हीच करा. पण १९६४ ला टोकियोत परत तोच गोलात, परत फायनल, परत पाकिस्तान. या वेळी भारत १–० ने जिंकला. त्या संघात आमच्या बेळगावचे बंडू पाटीलही होते. ते नाव इथे अभिमानाने घेतलं जातं आणि घ्यायलाच हवं. पण ते सोनं मिळालं ते रोमला हरलेल्या गोलरक्षकाला परत उभं केलं म्हणून, एवढंही जोडीने सांगायला हवं.

खाशाबा जाधवांचं तर सगळ्यांना पाठ आहे, १९५२, हेलसिंकी, कांस्य. त्याआधी १९४८ ला लंडनला ते सहावे आले होते, हे किती जण सांगतात? सगळा जन्म मातीत कुस्ती केलेला माणूस मॅटवर उभा राहिला, नियम वेगळे, पकडी वेगळ्या, आणि तरी सहावा. ते सहावेपण वाया गेलं नाही, कारण इकडच्या माणसांनी त्याचा अर्थ लावला. पुढच्या खेपेला राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हरून आलेल्या पैलवानासाठी घर गहाण! आपल्याच मातीतली गोष्ट आहे ही, फार लांबची नाही.

आता सीमेवरचं एक दुखणं. आमचा पोरगा जिंकला की दोन्हीकडचे लोक त्याला आपला म्हणतात. कोल्हापूरच्या तालमीत राहतो म्हणून तिकडचा, म्हैसूरच्या दसऱ्याला खेळतो म्हणून इकडचा. हरला की बातमीत तो तिकडच्यांसाठी ‘कर्नाटकचा पैलवान’ होतो आणि इकडच्यांसाठी ‘मराठी पोरगा’. मी दोन्ही भाषांतल्या बातम्या वाचतो. दोन्ही बातम्यांत जिंकलेल्याचं नाव, गाव, तालीम, वस्ताद, डाव सगळं असतं. हरलेल्याचं कित्येकदा नुसतं आडनाव. या सगळ्यात मला सगळ्यांत जास्त लागतं ते हेच. त्याच्यासाठी घरात वर्षभर बदाम, तूप, दूध उधारीवर आलंय, बहिणीच्या ताटातलं तूप त्याच्या ताटात गेलंय, आणि पेपरात त्याचं पूर्ण नावसुद्धा नाही.

म्हणून मी निवेदनात एक पद्धत ठेवलीय. कुस्ती निकाली झाली की आधी जिंकलेल्याचं नाव, आणि लगेच, हलगी थांबायच्या आत, हरलेल्याचं पूर्ण नाव, गाव, तालीम, वस्ताद. मग कोणत्या डावावर हरला आणि त्याआधी त्याने कोणता डाव चांगला केला होता. यात चूक लपवत नाही. दम संपला असेल तर दम संपला म्हणतो. बरोबरीत सुटली तर का सुटली तेही सांगतो, नाहीतर लोक लगेच नुरा म्हणून ओरडतात. माझ्या लक्षात आलंय की असं सांगितलं की बाहेर पडताना माणसं डावावर बोलत जातात.

धावपटू अविनाश साबळेचं २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमधलं उदाहरण मी पोरांना नेहमी देतो. स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, पहिल्याच फेरीत त्याने स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला, ८ मिनिटं १८.१२ सेकंद, आणि तरी फायनलला गेला नाही. विक्रम आणि बाहेर, दोन्ही एकाच धावेत. पॅरिसला मात्र तो फायनलमध्ये धावला, अकरावा आला, त्या शर्यतीच्या फायनलमधला पहिला भारतीय पुरुष. बातमी लिहिणाऱ्याने ‘पदकाची आशा मावळली’ एवढंच लिहिलं तर यातलं काय पोचलं?

यंदाच्या हंगामासाठी मी दोन कमिट्यांकडे जाऊन आलोय. मागणी साधी आहे. मोठ्या जोडांच्या कुस्तीनंतर हरलेल्या पैलवानाच्या वस्तादांना अर्धा मिनिट माइक द्या, आणि व्हिडिओ काढायला येणाऱ्या पोरांना पूर्ण कुस्ती टाकायच्या अटीवरच आत घ्या. एका गावाने दोन्ही मान्य केलं. दुसऱ्या कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, “मामा, जोडी लई हैत, वेळ कुठला?” त्यांना मी जोडांची यादी मागितलीय. कोणती कुस्ती किती वाजता लागते याचा हिशेब मांडून पुढच्या रविवारी परत जाणार आहे. आणि ते पोरगं तालमीला जायला लागलंय. वस्ताद रोज त्याला खाली बसवतात आणि कोपरं अंगाला चिकटवून ठेवायला लावतात.