नवीन जिवाणू सापडला म्हणायच्या आधी

खान्देशात कपाशी लावणाऱ्या कोणालाही बीटी म्हणा, लगेच कळतं, पण बीटी हे मुळात एका जिवाणूचं नाव आहे हे फार कमी जणांना ठाऊक असतं. बॅसिलस थुरिंजिएन्सिस. १९०१ मध्ये जपानात इशिवाता यांना तो आजारी रेशीमकिड्यांत सापडला, मग १९११ मध्ये जर्मनीत बर्लिनर यांना पिठातल्या अळीत, आणि तिथल्या थुरिंजिया भागावरून त्याला नाव मिळालं. २००२ मध्ये त्याचं जनुक घातलेल्या कपाशीला आपल्याकडे परवानगी मिळाली, पुढचं सगळ्यांनी शिवारात पाहिलंच आहे. मला यातली चटका लावणारी गोष्ट वेगळीच वाटते, ती म्हणजे बर्लिनर यांचा मूळ स्ट्रेन, म्हणजे त्यांनी वेगळा काढून वाढवलेला जिवाणू, पुढे हरवला. १९२७ मध्ये मॅटेस यांनी तो त्याच किड्यातून परत मिळवला म्हणून बरं. हे आज लिहायचं कारण म्हणजे आपल्या भागातल्या कॉलेजांत दरवर्षी एमएस्सीची पोरं-पोरी माती, पाणी, फुलं, फळं यातून कितीतरी जिवाणू आणि यीस्ट वेगळे काढतात आणि त्यातलं जवळजवळ काहीच उरत नाही.

शोधायला जागा कमी नाहीत हो. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवला गोमुखातून गरम पाणी येतं, लोक आंघोळीला जातात, पण त्याच पाण्यात उष्णता आवडणारे जिवाणू असतात. अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम झऱ्यातून ब्रॉक आणि फ्रीझ यांनी थर्मस अ‍ॅक्वाटिकस काढला, १९६९ मध्ये त्याचं वर्णन छापलं, आणि त्याच्यातलं टॅक एन्झाइम आज पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायच्या पद्धतीत, सर्रास वापरतात, म्हणजे नवीन जिवाणू ओळखायला आपण जी टेस्ट करतो तीसुद्धा एका झऱ्यातल्या जिवाणूच्या जिवावर चालते. फक्त एक आहे, उनपदेवचं पाणी आणून आगरची, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीची, प्लेट ३७ डिग्रीला ठेवली तर सगळीकडे मिळतात तेच जिवाणू वाढणार. ५५ ला ठेवा, आणि आगर वाळतं म्हणून प्लेट ओल्या कापसासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

यीस्टसाठी तर सातपुडा म्हणजे खजिना. फाल्गुन-चैत्रात मोह गळायला लागतो, फुलात साखर भरपूर, त्यावर मधमाश्या, मुंग्या, आणि त्यांच्यासोबत यीस्ट येतंच. मेहरूणची बोरं, रावेर-यावलकडे घड कापल्यावर केळीच्या खांबातून गळणारा रस, शिंदीची ताडी, सगळीकडे बघावं. आणि घरातलं विसरू नका, बिबड्यांसाठी ज्वारी भिजत घालतात किंवा कुरडयांसाठी गहू, दोन-तीन दिवसांनी जो आंबूस वास सुटतो तो लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंचा, आणि प्रत्येक घरचं पाणी, हवामान, पातेलं वेगळं. एकदा बांधावर नमुने घेत असताना एका आजोबांनी विचारलं, ताई, हाई काय करी ऱ्हायनात तुम्ही? मी म्हटलं, बाबा, सडलेल्या केळीत काय राहतं ते बघतेय, तर त्यांनी स्वतः फिरून कुठला खांब जास्त आंबलाय ते दाखवलं. वासावरून त्यांना बरोब्बर कळत होतं.

यीस्ट काढायला मीडियम, म्हणजे त्याचं वाढायचं खाद्य, थोडं आंबट करा, पीएच साडेतीन-चारपर्यंत, क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक घाला म्हणजे जिवाणू मागे पडतात. मग एकच कॉलनी, म्हणजे वाढलेला ठिपका, उचलून नव्या प्लेटवर परत परत स्ट्रीक करायची, रेघा ओढून पसरायची, शुद्ध होईपर्यंत. इथे घाई केली की पुढचं सगळं वाया, कारण दोन जीव मिसळलेले असतील तर डीएनएचा सिक्वेन्स, म्हणजे त्यातल्या अक्षरांचा क्रमच गिचमिड येतो.

आता ओळखायचं कसं. जिवाणूचा १६एस आरआरएनए जीन वाचतात, तो सगळ्या जिवाणूंत असतो, साधारण १५०० बेसचा, म्हणजे अक्षरांचा. खूपदा पोरं एकाच प्राइमरने, म्हणजे एकाच टोकाकडून, ७०० बेस वाचतात, ब्लास्ट करतात, म्हणजे कॉम्प्युटरवर आधीच्या सिक्वेन्सशी ताडून बघतात, ९७ टक्के साम्य आलं की उड्या मारतात, मॅडम नवीन आहे! अरे पण टोकाचा खराब भाग कापला का, आणि तुलना कोणाशी केली, यादीत वर तर अनकल्चर्ड बॅक्टेरियम, म्हणजे कोणी वाढवलेलाच नाही असा जिवाणू, असं काहीतरी आलंय. तुलना नाव असलेल्या टाइप स्ट्रेनशी, म्हणजे त्या प्रजातीच्या अधिकृत नमुन्याशी करायची आणि पूर्ण लांबीच्या सिक्वेन्सने. ९८.६५ च्या खाली आलं तर नवीन प्रजातीची शक्यता चांगली. पण त्याच्या वर आलं म्हणजे जुनीच असं नाही, हे जास्त महत्त्वाचं आहे. आपला बीटीवाला थुरिंजिएन्सिस, पोट बिघडवणारा सेरेयस आणि अँथ्रॅक्सचा जिवाणू, या तिघांचा १६एस जवळजवळ सारखाच असतो. मायक्रोस्कोपखाली प्रोटीनचा स्फटिक दिसला की मगच बीटी म्हणता येतं. म्हणून आता पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून एएनआय, म्हणजे दोन जीनोममधलं सरासरी साम्य काढतात, ९५-९६ टक्क्यांच्या खाली असेल तरच वेगळी प्रजाती. यीस्टसाठी डी१/डी२ नावाचा साधारण ६०० बेसचा तुकडा वाचतात आणि कुर्ट्झमन-रॉबनेट यांनी १९९८ मध्ये सांगितल्याप्रमाणे त्यात १ टक्क्याहून जास्त फरक असेल तर बहुतेक वेळा प्रजाती वेगळी असते, सोबत आयटीएस नावाचा दुसरा तुकडासुद्धा बघावा.

एवढं झालं तरी नाव मिळत नाही. जिवाणूसाठी जिवंत कल्चर, म्हणजे वाढवलेला शुद्ध जिवाणू, दोन वेगवेगळ्या देशांतल्या कल्चर कलेक्शनमध्ये, म्हणजे असे जीव जपून ठेवणाऱ्या संस्थांत, जमा करावं लागतं. आपल्याकडे अशा संस्था म्हणजे चंदीगडला एमटीसीसी आहे, पुण्यात एनसीएमआर. परदेशात पाठवायचं तर २००२ चा जैवविविधता कायदा आहे, नियम आधी विचारून घ्या.

आणि इथेच आपलं सगळं अडतं, कारण जमा करायला कल्चर जिवंत तर पाहिजे ना. व्हायवा झाली, मार्क मिळाले, की सगळ्या प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेवर सगळं मारून टाकणाऱ्या यंत्रात. मी हे इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता राग येतो. उनपदेवचा, तोरणमाळचा, कुणाच्या आजीच्या बिबड्यांचा जिवाणू, कोणी नीट न बघताच संपला. उणे ८० चा फ्रीजर नाही हे कारण मला पटत नाही. यीस्टच्या स्लँटवर, म्हणजे तिरप्या आगरच्या ट्यूबमध्ये, निर्जंतुक लिक्विड पॅराफिन ओतून साध्या फ्रिजमध्ये ठेवलं तरी ते वर्षानुवर्षं टिकतं. बॅसिलसचे बीजाणू निर्जंतुक मातीत वाळवून ठेवता येतात. बाकीच्यांसाठी २० टक्के ग्लिसरॉल आणि निदान उणे २०, तेवढ्यात काही महिने मिळतात आणि तोपर्यंत पुण्याला पाठवता येतं.

यंदा मोहाच्या सीझनला तुमची पोरं सातपुड्यात जाणार असतील तर ट्यूबवर गाव, झाड, तारीख आणि मोबाइलवरचं लोकेशन लिहायला सांगा, आणि चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा, मार्कर स्पिरिटने पुसला जातो.