कवडू म्हणजे काय?

"गुर्जी, तुमचं नाव असं काहून?"

जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, आता रिटायर आहे, तरी हा प्रश्न सुटत नाही. बँकेतला नवा पोरगा विचारतो, सुनेच्या मैत्रिणी विचारतात, बारशासाठी नाव शोधत आलेला बाप तर हमखास विचारतो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

माझ्याआधी मायची दोन लेकरं गेली. मी झालो तेव्हा आजीनं ठरवलं, हे पोट्टं आपलं म्हणायचंच नाही. पाचवीच्या दिवशी मला सुपात घातलं आणि विहिरीजवळच्या घरातल्या एका बाईला विकलं. तिची पोरंबाळं धडधाकट होती, म्हणजे तिच्या घराला यमाची नजर नव्हती. किंमत ठरली एक कवडी. ती तिनं आजीच्या हातावर ठेवली, मला उचललं, आणि लगेच मायच्या मांडीवर परत दिलं. "घे वं, माह्यं पोट्टं सांभाळ." तेव्हापासून माय माझी राखणदार आणि ती बाई माझी कवडीमाय. पोळ्याला पुरणपोळीचं पहिलं ताट तिच्याकडे जायचं.

म्हणून कवडू. शब्दकोशात पाहाल तर शिंपल्यासारखं काहीतरी सापडेल, आणि शेजारी 'कवडीमोल' असेल. शब्दकोशाला काय ठाऊक! कवडी हा एके काळी पैसाच होता. मालदीवच्या समुद्रातून ती बंगालात यायची आणि १९व्या शतकापर्यंत तिथल्या बाजारात चालायची. समुद्र कधी न पाहिलेल्या माझ्या कवडीमायच्या डब्यात ती कशी आली, ते तिलाच माहीत.

हा व्यवहार आमच्याच गावचा, असं मी बरीच वर्षं समजत होतो. मग बंगाली नावं वाचनात आली: तिनकडी, पाचकडी, सातकडी. तीन, पाच, सात कवड्यांना 'विकलेली' पोरं! खुदीराम बोसांचं तर सगळ्यांना माहीत असायला हवं. दोन भाऊ आधी गेलेले, म्हणून १८८९ साली जन्मलेल्या या पोराला थोरल्या बहिणीनं तीन मुठी खुद देऊन विकत घेतलं. खुद म्हणजे तांदळाची कणी. एवढ्या जपणुकीनं वाचवलेला तो पोरगा १९०८ साली फासावर गेला. हे वर्गात सांगताना माझा आवाज दर वर्षी बसायचा.

आमच्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात अशी नावं ओळीनं होती. जुन्या पानांवर उकंडा, दगडू, धोंडू, फकिरा, नथ्थू. उकंडा म्हणजे उकिरड्यावर क्षणभर ठेवून उचललेला. नथ्थूचं नाक टोचायचे, यमाला तो मुलगी वाटावा म्हणून. (यम मुली नेत नाही, हा हिशेब कोणी केला कोण जाणे.) मंगोलियातले लोक याच भीतीनं मुलाचं नाव 'नेरगुई' ठेवतात, म्हणजे 'नाव नाही', किंवा 'हुनबिश', म्हणजे 'माणूस नाही'. मरणाला गंडवायची युक्ती यवतमाळच्या बाजूला आणि मंगोलियाच्या गवताळ रानात एकच.

पण अर्थ सारखा म्हणून नाव सारखं, असंही नसतं. येशूनं सायमनला अरामी भाषेत 'केफा' म्हटलं, खडक. ग्रीकात त्याचा पेत्रोस झाला, पुढे पीटर, पेद्रो, पिएर. शब्दाला शब्द लावला तर सगळे आमचे दगडूच! फरक एवढाच की तिकडचा दगड देऊळ उभारायला, आणि आमचा दगड कोणी वळूनही पाहू नये म्हणून.

एक नाव मात्र या रांगेत बसवू नका: नकोशी, नकुशी. उकंडाच्या बापाला पोरगा हवा होता म्हणून त्यानं त्याला वाईट नाव दिलं. नकुशीच्या बापाला ती खरोखरच नको होती. २०११ साली साताऱ्यात अशा मुलींची नावं समारंभ करून बदलली, ते बरं झालं.

माझ्या नोकरीतच रजिस्टर पालटलं. पुढच्या पानांवर उकंडा फक्त बापाच्या नावाच्या रकान्यात उरला, मग आजोबाच्या. लोक म्हणतात, शिकले म्हणून. मला विचाराल तर लस टोचली म्हणून. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही. लेकरू जगणार याची खात्री वाटू लागली की आईबाप मुलाला चांगल्या नावानं हाक मारायची हिंमत करतात.

आता उलटी तऱ्हा. मोबाइलमध्ये पाहून बाप विचारतो, "गुर्जी, रेयांश म्हंजे सूर्याचा किरण ना?" संस्कृतात किरणाला रेय म्हणत नाहीत बाबा, तो 'रे' इंग्रजीतला. पण मी हल्ली वाद घालत नाही. हौसेनं ठेवलंय, राहू द्या. घानातले लोक तर वारावरून नाव ठेवतात. कोफी अन्नान शुक्रवारी जन्मले म्हणून कोफी. आमच्याकडे सोमा, मंगरू, बुधा होतेच की.

माझ्या नावाचा खरा त्रास कागदांनी दिला. सातबाऱ्यावर कवडू, पासबुकात कौडू, आणि एका कार्यालयानं तर कावडू करून माझ्या खांद्यावर कावडच दिली. तिन्ही मीच, हे सिद्ध करायला शपथपत्र लागलं.

लग्नाच्या हळदीला मायला वाटलं, पोरगा आता मोठा झाला, व्यवहार फेडून टाकावा. तिनं देवघरातली ती कवडी काढून कवडीमायपुढं धरली. कवडीमायनं मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"आता एका कवडीत नाही जमत, बाई. लुगडं पाहिजे."

लुगडं घेतलं तिनं. कवडी मायकडेच राहिली.