सात पॉइंट चार

जुलैतला बुधवार, बाहेर धो धो पाऊस. दादरच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये दुपारी दीडच्या सुमाराला मशीनने एक आकडा लाल करून दाखवला. पोटॅशियम 7.4. एवढ्या पोटॅशियमने हृदय बंद पडू शकतं, म्हणून असा आकडा आला की रिपोर्ट टाइप व्हायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा असतो. डॉक्टरांचा लागेना. मग पेशंटच्या घरी लावला.

"बाबा? ते खाली भाजी आणायला गेलेत," मुलगा म्हणाला.

मी तेव्हाच थांबायला हवं होतं. सात पॉइंट चारवाला माणूस पावसात भाजी निवडतोय! पण एकोणीस वर्षं झाली तरी लाल आकडा दिसला की माझे हातपाय आधी हलतात. "त्यांना ताबडतोब हॉस्पिटलात न्या," सांगून मोकळी झाले.

मग त्यांचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, उघडला. पांढऱ्या पेशी 1,82,000. अरे, हे तर आपले काका!

काका बेस्टचे निवृत्त कंडक्टर. सहा वर्षांपूर्वी त्यांना सीएलएल निघाला. रक्ताचाच कॅन्सर, पण बहुतेकांमध्ये सावकाश चालणारा. सहा वर्षांत त्यासाठी एकही गोळी नाही. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि डॉक्टरांनी मान, काख, पोट चाचपायचं, एवढंच. "कॅन्सर आहे म्हणता आणि औषध देत नाही, हे कसले डॉक्टर?" असं काकूंनी मलाही तीनदा विचारलंय. पण या आजारात त्रास नसताना लवकर औषध सुरू केलं म्हणून आयुष्य वाढतं, असं दिसलेलं नाही. औषधांचे दुष्परिणाम मात्र त्या दिवसापासून सुरू. काही जणांना तर जन्मभर औषध लागतच नाही. नुसत्या पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणून कोणी घाबरत नाही. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट घसरायला लागल्या, पेशी सहा महिन्यांच्या आत दुप्पट झाल्या, वजन उगाच उतरलं, रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम आला, की मग उपचारांचं बघायचं. घामाचा प्रश्न निघाला की काका म्हणतात, "मे महिन्यात लाइट गेली की आमच्या अख्ख्या चाळीची बनियनं पिळावी लागतात, त्याचं काय करू?"

काकांकडे एक वही आहे. तारीख, पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, प्लेटलेट असे रकाने, कंडक्टरच्या तिकीट-हिशोबाच्या कागदासारखे, वेबिलासारखे आखलेले. आमच्या कॉम्प्युटरआधी ती बघावी.

मी त्यांची स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरली. नेहमीचंच दृश्य: लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या गर्दीत मधेमधे फासल्यासारखे जांभळे डाग. हे स्मज सेल. या आजारातले लिम्फोसाइट इतके नाजूक, की काचेवर रक्त ओढतानाच फुटतात. आधी अल्ब्युमिन या प्रथिनाचा थेंब घातला तर बरेच वाचतात.

काचेवर फुटतात, तर बाटलीत का नाही फुटणार?

पोटॅशियम पेशींच्या आत असतं. लाल पेशी फुटल्या असत्या तर सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी, गुलाबी झालं असतं. ते स्वच्छ पिवळं होतं. पांढऱ्या पेशी मात्र रंग न सोडता फुटतात. एरवी काका लोकलने येऊन आमच्याकडेच रक्त देतात. या वेळी पावसामुळे मुलाने घाटकोपरला घरी माणूस बोलावला होता, आणि ती बाटली एलबीएस मार्गाचे खड्डे खात बाइकवरून आली होती.

हे आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना सांगेपर्यंत पंचवीस मिनिटं गेलेली. मुलाला फोन केला तर काका कॅज्युअल्टीत, पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन-डेक्स्ट्रोज लावायची तयारी चाललेली. पोटॅशियम मुळात ठीक असेल तर त्याने ते भलतंच खाली गेलं असतं, शिवाय साखर उतरायची भीती. मॅडमनी तिथल्या डॉक्टरांना फोनवर घेतलं. ते तरुण डॉक्टर आधीच कोड्यात पडले होते, कारण ईसीजी अगदी नॉर्मल होता आणि पेशंट भाजीची पिशवी सोडायला तयार नव्हता. मॅडम म्हणाल्या, "दंड घट्ट बांधू नका, सिरिंजने हलक्या हाताने रक्त घ्या आणि कोणाला तरी हातात धरून ब्लड गॅसच्या मशीनपर्यंत चालत पाठवा. लगेच."

वीस मिनिटांनी उलट फोन आला. पोटॅशियम 4.3, नॉर्मल.

काकांच्या नावापुढे मी कॉम्प्युटरवर टीप टाकली: सॅम्पल लॅबमध्येच घ्यावं, लगेच लावावं. मुलाची माफीही मागितली. तो थोडा घुश्शातच होता, आणि त्याचं बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतः हजर, छत्री ठिबकत. वहीत पोटॅशियमचा नवा रकाना आखून आणला होता. "ताई, कालचे दोन्ही आकडे लिहायचे ना? हिशोब लागला पाहिजे." मी हो म्हटलं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी काउंटरवरच लिहिलं: 7.4, बाइकने. त्याखाली 4.3, पायी.